कोकण किनाऱ्यावर एका दिवसाची गटाने सायकल सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सरला, भातं कापून झाली की घाटावरच्या सायकलवाल्यांचे निरोप यायला लागतात. पुणे, कोल्हापूर, ठाणे, सांगली. प्रश्न मात्र तेच. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी गुहागर ते गणपतीपुळे ही वाट धरली आहे, कारण कोकणातल्या सायकलस्वाराला जे जे भेटतं ते सगळं तिच्यावर आहे. एकच उत्तर दोनदा देण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एका दिवसात बसेल अशी एखादी वाट सांगा. गावांच्या नावासकट.

गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. तिथून तरीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, खाडीपलीकडे जयगड. मग मालगुंड आणि गणपतीपुळे. साधारण साठ-पासष्ट किलोमीटर, तुम्ही देवळांत आणि समुद्रावर किती आत-बाहेर करता त्यावर.

गुहागर सोडलं की थोड्याच वेळात पहिला चढ लागतो आणि माणसं गप्प होतात. वेळणेश्वरला शंकराचं देऊळ आणि माडांच्या सावलीतला किनारा, हेदवीला दशभुज गणेश. हेदवीजवळच बामणघळ आहे. भरतीच्या वेळी त्या अरुंद घळीत लाट घुसली की पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर काहीच दिसणार नाही, तेव्हा भरतीची वेळ आधी बघून ठेवा. मालगुंड केशवसुतांचं जन्मगाव. तिथलं स्मारक रस्त्यालगत आहे, पंधरा मिनिटं द्याच.

नवख्यांच्या गटाला रत्नागिरी–आरे-वारे–गणपतीपुळे आणि परत हे बरं, जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास. मुंबईकरांना मांडव्याला उतरून अलिबाग–रेवदंडा–काशीद–मुरूड सोयीचं पडतं. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू आहे आणि तिच्यात सायकल जाते. दक्षिणेला मालवण–परुळे–वेंगुर्ला ही वाट कमी गर्दीची आणि फार सुंदर.

२. फक्त साठ किलोमीटर? आम्ही रविवारी सकाळी शंभर करून नाश्त्याला घरी येतो.

कोकणात किलोमीटर मोजू नका, खाड्या आणि घाट्या मोजा. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

किनाऱ्याचा रस्ता समुद्राकाठून सपाट जातो असं नकाशावर वाटतं. प्रत्यक्षात गाव खाली, खाडीच्या किंवा समुद्राच्या पातळीला असतं आणि दोन गावांच्या मधे जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या दगडाचं उघडं पठार. म्हणजे गावातून निघालात की शंभर-दीडशे मीटर वर, सड्यावर थोडं सपाट, आणि लगेच तेवढंच खाली पुढच्या गावात. असं दिवसभर. हा चढ मोठ्या घाटासारखा सावकाश वर नेत नाही, आखूड आणि उभा असतो. लय सापडेपर्यंत संपतो आणि पाय मोकळे व्हायच्या आत पुढचा येतो. गुहागर–गणपतीपुळ्यात एकूण चढाई हजार मीटरच्या घरात सहज जाते. शिवाय उतारावर वेळ भरून निघत नाही, कारण उतार वळणांचे, अरुंद, आणि तळाशी हमखास वाळू किंवा लाल खडी.

त्यामुळे सपाटीवर ताशी वीस-बाविसाने जाणारा गट इथे थांबे सोडून बारा-तेराने जातो, त्याहून कमी झाला तरी नवल नाही. सकाळी साडेसहाला निघून संध्याकाळी पाचला पोचायचं, असंच गणित मांडा. डिसेंबर-जानेवारीत सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो आणि माडाच्या आगरांमधल्या रस्त्यावर अंधार त्याच्याही आधी येतो.

३. मी नियमित सायकल चालवत नाही. येऊ का?

महिनाभर आठवड्यातून तीनदा तासभर सायकल चालवली असेल आणि एखादा तीस-चाळीस किलोमीटरचा, चढ असलेला फेरा केला असेल तर या. फक्त ‘मन खंबीर आहे’ एवढ्यावर येऊ नका. थकलेला माणूस चढावर फक्त दमतो, उतारावर मात्र त्याचा ब्रेकवरचा हात ढिला पडतो. अपघात तिथे होतात.

चढावर उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा मानू नका. हेदवीकडचे काही चढ चांगले चांगले लोक ढकलत चढतात.

४. कुठली सायकल लागते? साधी, बिनगिअरची चालेल?

बिनगिअरची या वाटेला नको. हायब्रिड किंवा हलकी एमटीबी, म्हणजे जाड टायरची डोंगरी सायकल, सगळ्यांत बरी. रोड बाइक चालते, पण टायर किमान २८ मिलिमीटरचा घ्या. ३२ ते ४० असेल तर दिवस सुखाचा जाईल. गिअरमध्ये सगळ्यांत हलकी जोडी अशी हवी की पुढची चकती आणि मागची मोठी चकती दातांनी जवळपास सारख्या असतील, म्हणजे पुढे ३४ तर मागे ३२ किंवा ३४. गुडघे वाचतात.

निघण्याआधी दोनच गोष्टी नीट तपासा: ब्रेक आणि टायर. ब्रेक-शू अर्धे झिजलेले असतील तर बदला. बाकी थोडं कुरकुरलं तरी चालेल. आणि मागचा लाल दिवा दिवसाही लावा, माडांच्या गर्द सावलीतून उन्हात येणाऱ्या गाडीवाल्याला सायकल दिसत नाही.

५. कधी यावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरमध्ये हिरवळ छान असते पण उकाडा जीव काढतो. फेब्रुवारीअखेरपासून ऊन अचानक चढतं आणि पूर्वेचा वारा सुटला की किनाऱ्यावरही पारा ३७-३८ ला जातो. नाताळ ते एक जानेवारी सायकल घेऊन येऊच नका. खोल्या नाहीत, रस्त्यावर गाड्यांची रांग, जेटीवर तास-दीड तास. पावसाळ्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

६. उत्तरेकडून दक्षिणेला जावं की उलट?

उत्तरेकडून दक्षिणेला. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, हलका आणि गार. अकरा-बाराच्या पुढे खारा वारा सुटतो आणि तो आपल्या किनाऱ्यावर बहुतेक वायव्येकडून येतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो मागून किंवा उजव्या खांद्यावर लागतो. जयगडनंतर, पाय संपलेले असताना, पाठीवर वारा आहे की छातीवर यावर दिवसाचा शेवट ठरतो.

७. गट किती जणांचा असावा आणि चालवायचा कसा?

आठ ते बारा. त्याहून जास्त असतील तर दोन गट करा, दोन्ही गटांना आपापला पुढारी द्या आणि अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. वीस जणांची रांग या रस्त्यावर एसटीला ओलांडता येत नाही. चालक खोळंबतो आणि मग नको त्या वळणावर गाडी काढतो.

प्रत्येक गटात दोन माणसं पक्की ठरलेली हवीत: सर्वांत पुढचा, ज्याला वाट माहीत आहे, आणि सर्वांत मागचा, ज्याच्याकडे पंप, हत्यारं आणि औषधं आहेत. मागचा माणूस गटातला सर्वांत दमदार हवा. लोक नेमकं उलट करतात, दमदाराला पुढे धाडतात आणि मागे जो उरेल तो. पुढच्याला फक्त वाट कळली पाहिजे. मागच्याला गाठीला दम हवा, हात कामाचे हवेत आणि तोंडात गोड शब्द हवेत.

थांबायच्या जागा आदल्या रात्री ठरवा: प्रत्येक फाटा, प्रत्येक चढाचा माथा आणि जेटी. फाट्याचा नियम साधा आहे. मागचा माणूस डोळ्यांना दिसल्याशिवाय फाटा सोडायचा नाही. मग रांगेतला कुणीच चुकत नाही, पुढारी कितीही पुढे असो. मोबाइलवर लोकेशन पाठवण्याच्या भरवशावर राहू नका; सड्यावर रेंज असते, खाडीत उतरलात की जाते. गावांची नावं क्रमाने लिहिलेला कागद प्रत्येकाच्या खिशात असू द्या आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

आता माथ्यावरची गोष्ट. पहिला वर पोचतो, पाणी पितो, फोटो काढतो, दहा मिनिटं बसतो. शेवटचा धापा टाकत पोचतो आणि तो पोचताक्षणी बाकीचे म्हणतात, ‘आले सगळे? चला!’ ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याला ती मिळतच नाही. दुपारपर्यंत तो माणूस मोडतो आणि सगळे म्हणतात की त्याची तयारी नव्हती. म्हणून आमच्या गटात घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होतं. त्याची सायकल आडवी झाली, त्याने बाटली उघडली, तिथून पाच मिनिटं. या एका गोष्टीने गट जितका एकत्र राहतो तितका दुसऱ्या कशानेही नाही.

एकामागे एक चालवा, गप्पा माथ्यावर मारा. उतारावर दोन सायकलींत तीन-चार लांब्यांचं अंतर ठेवा. ‘मागून गाडी’, ‘खड्डा’, ‘वाळू’ एवढ्या तीन आरोळ्या पुरतात. आंधळ्या वळणावर घंटी वाजवा.

८. तरीत सायकल घेतात का? तिकीट, वेळ, काय काळजी घ्यायची?

घेतात. तवसाळ–जयगड, दाभोळ–धोपावे, वेशवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, या चारही खाड्यांवर गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटी आहेत. दाभोळ–धोपावेची सर्वांत जुनी, २००३ पासूनची. माणसाचं आणि सायकलचं तिकीट वेगळं, दोन्ही किरकोळ. सुटे पैसे ठेवा.

वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. पलीकडे जायला पाव तास लागतो, पण बोट नुकतीच सुटली असेल तर जेटीवर बराच वेळ बसावं लागतं. तो वेळ वाया गेला असं समजू नका. जेवण किंवा डुलकी तिथेच बसवा. दिवसाचा आराखडा करताना किलोमीटरचे टप्पे पाडण्याऐवजी ‘बाराच्या आत तवसाळ’ असा बोटीचा टप्पा पाडा.

खरी काळजी चढता-उतरताना. बोटीची लोखंडी फळी धक्क्यावर टेकते ती भरती-ओहोटीप्रमाणे कधी जवळजवळ सपाट, कधी चांगलीच तिरपी. ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर हिरवं शेवाळ असतं. सायकलचे खास बूट, तळाला लोखंडी खिळा असलेले, त्यावर काचेवरून सरकावेत तसे सरकतात. तेव्हा सायकलवर बसून बोटीत शिरायचं नाही. उतरा, दोन्ही ब्रेक धरा, पावलं आडवी टाका. आधी मोटारी जाऊ द्या, मग सायकली, उतरतानाही तसंच. आत बाजूच्या कठड्याला सायकली एकमेकींना टेकवा, पेडल चाकात अडकू देऊ नका, आणि एक माणूस जवळ उभा ठेवा. बाकीच्यांनी वर जाऊन खाडी बघावी. जयगडचा किल्ला पाण्यातून बघायला मिळतो तो इथेच.

बोट बंद असेल तर काय, त्याला प्रश्न १८.

९. जेवायचं कुठे? वाटेत हॉटेलं आहेत का?

सकाळी पोहे, मिसळ, वडापाव बाजारपेठेच्या गावात मिळतो. दुपारचं जेवण मात्र ठरवून ठेवावं लागतं. या पट्ट्यात चांगलं जेवण घरगुती खानावळीत मिळतं आणि तिथे अंदाजाने चौदा ताटं शिजवून ठेवत नाहीत. आदल्या दिवशी फोन करा, आकडा सांगा, शाकाहारी किती ते सांगा, वेळ सांगा. संवाद साधारण असा होतो:

‘काकू, उद्या दुपारी चौदा जण येतोय. पाच जण शाकाहारी.’

‘सायकलवाले ना? मग भात वाढीव टाकते. उशीर होणार असेल तर निघताना कळवा हो, मासे तळून ठेवले की मऊ पडतात.’

खरंच कळवा. एक फोन न केल्याने त्या घरची पूर्ण दुपार अडकते, आणि पुढच्या गटाला तोच दरवाजा बंद मिळतो. चौदा सांगून नऊ गेलात तर चौदांचे पैसे द्या.

जेवण पोटभर, पण जड नको. सुरमई-भात-सोलकढी खाऊन लगेच चढाला लागलं तर काय होतं हे सांगायला नको. तासभर विश्रांती हवीच. शाकाहारींना आमटी-भात, उसळ, आंबोळी किंवा घावणे आणि श्रावणघेवड्याची भाजी उत्तम मिळते.

१०. पाणी किती?

दोन बाटल्या सायकलवर, त्या प्रत्येक गावात भरून घ्यायच्या. इथे हवा दमट, घाम वाळत नाही, त्यामुळे किती घाम गेला ते कळतच नाही. नुसतं पाणी पीत राहिलात तर दुपारी पायात गोळे येतात. मीठ-साखरेची पुडी, लिंबू सरबत किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत दर दीड-दोन तासांनी घ्या. सड्यावर पाणी नाही, दुकान नाही, सावलीही नाही. बाटली गावातच भरा.

११. गटात बायका आहेत. स्वच्छतागृहाची सोय काय?

रास्त प्रश्न, आणि तो विचारायला संकोच करू नका. वेळणेश्वर, हेदवी आणि गणपतीपुळ्याला देवस्थानाच्या आवारात सोय असते. त्याखेरीज जिथे नाश्ता किंवा जेवण ठरवलंय तिथे आधीच सांगून ठेवा; घरगुती खानावळीत कुणी नाही म्हणत नाही. हे थांबे पुढाऱ्याने प्रश्न ७ मधल्या थांब्यांतच धरायचे, म्हणजे कुणाला विचारत बसावं लागत नाही आणि पाणी कमी प्यायची वेळही येत नाही.

१२. रेल्वेने सायकली घेऊन येता येतं का?

एक-दोघांना येतं, बारा जणांना कठीण.

कोकण रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आतून जाते. गुहागरसाठी चिपळूण स्थानक, तिथून पंचेचाळीस किलोमीटर. गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी. सायकल लगेज म्हणून पार्सल कार्यालयात नोंदवून गाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, टाकता येते, पण त्यासाठी चढायचं आणि उतरायचं दोन्ही स्थानक असं हवं जिथे सामान चढवायला-उतरवायला वेळ आणि माणसं आहेत. लहान स्थानकात गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात ब्रेक व्हॅन उघडून सायकली काढणं होत नाही, आणि तुमची सायकल पुढे मडगावला जाऊ शकते.

नोंदवायची असेल तर गाडीच्या दोन तास आधी पोचा, पेडल काढा, हँडल वळवून बांधा, मागच्या गिअरवर पुठ्ठा लावा, आणि सायकलवर दोन ठिकाणी नाव, फोन, उतरायचं स्थानक मोठ्या अक्षरात लिहा. घडीची सायकल पिशवीत घालून सोबत नेता येते.

गटासाठी आमचा सल्ला असा: माणसं रेल्वेने, सायकली आदल्या दिवशी टेम्पोने. तोच टेम्पो दिवसभर मागे राहिला तर सामान, जादा टायर आणि थकलेला माणूस, तिन्हींची सोय होते. पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात. ऑक्टोबरमधला बेत असेल तर वेळा पुन्हा तपासा.

१३. परदेशात जुन्या रेल्वेमार्गांवर सायकलवाटा असतात. कोकणात तसं काही आहे?

नाही. त्या वाटा बंद पडलेल्या लोहमार्गांवर केलेल्या आहेत. न्यूझीलंडचा ओटागो सेंट्रल रेल ट्रेल मिडलमार्च ते क्लाइड १५२ किलोमीटरचा, २००० साली पूर्ण खुला झाला. ऑस्ट्रेलियात लिलिडेल ते वॉरबर्टन हा चाळीस किलोमीटरचा; तिथली रेल्वे १९६५ मध्ये बंद झाली होती. आगगाडीला उभा चढ चढता येत नाही, म्हणून मार्ग आखतानाच तो मंद चढाचा ठेवावा लागतो. रूळ काढले की आजोबांपासून नातवंडांपर्यंत कुणालाही चालवता येईल अशी वाट उरते. मोटारी नाहीत, आणि जुन्या स्थानकांच्या गावांना पाहुणे मिळतात.

आपली कोकण रेल्वे चालती आहे. २६ जानेवारी १९९८ ला ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. इथेही चढ टाळलेलाच आहे, पण तो डोंगर पोखरून आणि दऱ्या ओलांडून: करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. रुळांच्या कडेने, पुलांवरून किंवा बोगद्यातून सायकल नेणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे जीव जाईल. कुणी ‘सर्व्हिस रोडने जाता येतं’ म्हणालं तरी जाऊ नका.

मोटारींपासून वेगळी, गावागावांतून जाणारी सायकलवाट कोकणाला हवी, असं मला मनापासून वाटतं. खाडीकाठचे जुने गाडीरस्ते आणि बांध त्यासाठी आहेतही. रेवस ते रेडी सागरी महामार्गावर खाड्यांवर मोठे पूल व्हायचे आहेत. ते होताना सायकलसाठी चार हात जागा वेगळी सुटली, तर किनाऱ्यावरच्या शाळकरी मुलांनाच तिचा पहिला उपयोग होईल.

१४. पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरून, सायकल चालवता येईल का?

ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरून चालते आणि आनंदही फार होतो. पण खारं पाणी चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये गेलं की दोन दिवसांत गंज धरतो. चालवलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, चेनला तेल द्या.

गुहागर, वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत चाक घालू नका, रात्री दिवे घेऊन पुळणीवर जाऊ नका, जाळीचं कुंपण दिसलं तर लांबून बघा. आणि वाळत घातलेल्या सुकटीवरून सायकल नेणं म्हणजे कुणाच्या तरी कमाईवरून नेणं.

१५. गाड्यांचा त्रास कितपत?

किनाऱ्याच्या रस्त्यावर आठवड्याच्या मधल्या दिवशी फारच कमी. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारी असतात. जयगडला उतरल्यावर बंदराचे जड ट्रक भेटतात, ते बहुतेक चाफ्यावरून निवळीकडे महामार्गाला जातात. तुम्ही मालगुंडच्या बाजूचा रस्ता धरा. मुंबई-गोवा महामार्गावर सायकल चालवायचीच नाही, ओलांडण्यापुरती.

१६. मुलांना आणता येईल? वयाची अट?

स्वतःच्या सायकलवर चौदा वर्षांच्या वर, सोबत घरचं मोठं माणूस, आणि प्रश्न ३ मधली तयारी त्यांनाही लागू. त्याहून लहान मुलांना आरे-वारेच्या वाटेचा एखादा तुकडा चालवू द्या, बाकी टेम्पोत. वरच्या वयाला अट नाही. सत्तरीतली माणसं चढ हिशेबाने चढतात आणि वेळेवर पोचतात.

१७. पावसाळ्यात का नाही? तेव्हा तर कोकण सर्वांत सुंदर.

सुंदर आहे, पण गटाने नको. जांभ्यावर आणि रस्त्याच्या कडांवर शेवाळ धरतं, उताराला माती वाहून येते, ब्रेक भिजले की थांबायला दुप्पट अंतर लागतं, आणि साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलावरून, पाणी जात असेल तर तासन्‌तास अडकता. साकवावर पाणी असताना, घोटाभर का असेना, सायकल घालायची नाही.

१८. तवसाळला पोचलो आणि बोट बंद निघाली तर?

वारा, दुरुस्ती, कधी ओहोटीला पाणी कमी, असं होऊ शकतं. जमिनीने पलीकडे जायचं तर मागे फिरून भातगावचा पूल गाठावा लागतो आणि तिथून जाकादेवीवरून गणपतीपुळे. हा फेरा मोठा आहे, चढाचा आहे आणि दुपारनंतर उजेडात पुरा होत नाही. म्हणून हेदवीला असतानाच फोन करून बोटीची खात्री करा. बंद असेल तर तिथूनच परत वळा, वेळणेश्वरला मुक्काम करा. छोट्या होडीत सायकली घालून कुणी पलीकडे सोडतो म्हणालं तर नाही म्हणा.

१९. शिमग्यात आलो आणि वाटेत पालखी भेटली तर?

होळीच्या आगेमागे गावोगावी ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. सायकलवरून उतरा, रस्त्याच्या कडेला उभे राहा, हेल्मेट काढा, पालखी पुढे जाऊ द्या. घंटी वाजवून वाट मागू नका. फोटो विचारून घ्या. वेळ जाईल; शिमग्यात येणाऱ्याने तो धरूनच यावं.

२०. पंक्चर, मोडतोड, अपघात?

सायकलचं सामान मिळणारं दुकान चिपळूण किंवा रत्नागिरीला. गुहागरला पंक्चर निघेल, पण तुमच्या मापाची ट्यूब मिळेलच असं नाही. प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूबा आणाव्या. गटात एक चेन जोडायचं हत्यार, जोडकडी, ब्रेक-शूची जोडी आणि जुन्या टायरचा तुकडा हवा. टायर फाटला तर तो तुकडा आतून लावून पुढचं गाव गाठता येतं.

अपघात झाला तर १०८ ला फोन, मिळालं नाही तर ११२. पडलेल्या माणसाचं हेल्मेट घाईने ओढू नका. दोघांनी दोन्ही बाजूंच्या वळणांवर उभं राहून गाड्या थांबवाव्या, हे आधी. आणि दिवस संपल्यावर गणपतीपुळ्याच्या समुद्रात पोहायला उतरू नका. तिथे ओढ आहे आणि पाय थकलेले असतात.

२१. गटातल्या एकाला जयगडनंतर पुढे जमेना. बाकीच्यांनी काय करायचं?

मागे टेम्पो असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर जयगडला छोटा टेम्पो भाड्याने मिळतो. टपावर सायकल घेणारी एसटी आता क्वचित, तिच्यावर विसंबू नका. त्याला एकट्याला पाठवू नका, मागच्या माणसाने सोबत जायचं आणि मागची जबाबदारी दुसऱ्या दमदाराकडे द्यायची. हत्यारांची पिशवी या दुसऱ्याकडे सोपवायला विसरू नका. ‘थोडंच राहिलंय, ओढ की’ असा आग्रह तर मुळीच नको. तो जमत नाही म्हणाला की जमत नाही, तिथे चर्चा संपली. उरलेल्यांनी मालगुंडला थांबून फोन करावा, तो मुक्कामी पोचल्याचं कळलं की मग पुढे निघावं.